टकटक कुठून येते, ते आधी ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांत चारशे एल.पी., शंभरेक अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड आणि दोन खोके भरून कॅसेट जमल्या. आधी रोज काहीतरी लावून बसायचात, आता काहीही लावलं की पहिल्यांदा त्रासच कानावर येतो. कुठे टकटक, कुठे बाजू संपत आली की आवाज फाटतो, अठ्ठ्याहत्तरच्या तर नुसत्या खरखरतात, संगणकावर उतरवलेल्या फायली वेळेला सापडत नाहीत. त्यात घरचे म्हणतात, सगळं इंटरनेटवर ऐकायला मिळतं, मग हा पसारा कशाला? सगळं विकून मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

विकू नका, निदान आत्ता तरी नको. तीस वर्षं मी स्वतः जमवते आहे आणि त्यातली वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्ड धुऊन, दुरुस्त करून, संगणकावर उतरवून देते आहे. संग्रह विकायला निघालेली बरीच माणसं या काळात पाहिली. त्रास खरा असायचा, पण तो कशाचा आहे हे शोधलेलं नसायचं. ‘रेकॉर्ड खराब आहे’ एवढ्यावर विषय मिटवलेला. रेकॉर्डमधून येणारा नको असलेला आवाज आपला पत्ता स्वतःच सांगत असतो. गाण्याला लावता तसा कान एकदा त्यालाही लावा.

टकटकीपासूनच सुरुवात करू. हातात सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद. दर १.८ सेकंदांनी त्याच लयीत टक्क असा आवाज येत असेल तर तो ओरखडा आहे, कडेपासून मध्याकडे गेलेला, आणि सुई प्रत्येक फेऱ्यात तो एकदा ओलांडते. पंचेचाळीसच्या रेकॉर्डवर हेच अंतर १.३३ सेकंद असतं आणि अठ्ठ्याहत्तरवर पाऊण सेकंदाच्या किंचित वर. टकटक लयीत नसेल तर तीच बाजू पुन्हा लावा. त्याच शब्दावर, त्याच जागी पुन्हा आली तर तिथे कचरा अडकलाय किंवा खाचेला इजा झालीय. या खेपेला भलत्याच जागी आली तर ती स्थिर वीज आहे. कोरड्या हवेत व्हिनाइल, म्हणजे एल.पी.चं प्लॅस्टिक, चटकन भारित होतं, पाकिटातून रेकॉर्ड काढताना हाताचे केस उभे राहतात ना, तीच ही वीज. तिच्यावर धुण्याचा उपाय टिकत नाही. खोलीतली हवा फार कोरडी होऊ न देणं, कार्बनच्या तंतूंचा ब्रश आणि कागदाऐवजी अँटिस्टॅटिक पाकीट, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

माझ्याकडे येणाऱ्या ‘खराब’ रेकॉर्डपैकी बऱ्याच नुसत्या मळलेल्या असतात. तुमच्या टकटकणाऱ्यांपैकी एक दिव्याखाली घ्या, समोर न धरता जवळजवळ आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. चांगल्या बाजूवर उजेडाचा एकच सलग पट्टा सरकताना दिसतो. बोटांचे ठसे लागलेले असतील तर तो पट्टा मध्येच धुरकटतो, आणि धुरकट डागाचा आकार अंगठ्याच्या पेऱ्याएवढाच असतो. वर्षानुवर्षं जास्त वजनाच्या किंवा झिजलेल्या सुईने वाजलेली बाजू करडी दिसते, चकाकी गेलेली. ठसे धुऊन निघतात. करडेपणा निघत नाही, तिथे खाचेची भिंतच खरवडली गेलेली असते. हा फरक ओळखता आला की कशावर मेहनत करायची आणि काय आहे तसं ऐकायचं, हे आपोआप कळतं.

धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात सुगंध किंवा रंग नसलेल्या द्रवसाबणाचे एक-दोन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, गोल फिरवायचा; आडवा कधीच नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा धुवायचं. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर सुईवर पांढरा मेण जमल्यासारखा थर दिसला की रेकॉर्डला दोष देतात. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, आणि जुन्या मळक्या पाकिटात तर धुतलेली रेकॉर्ड परत घालूच नका.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा: अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावायचं नाही. त्या बहुतेक लाखेच्या असतात. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं ते मिश्रण, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुरुवातीच्या दिवसांत एल.पी.ला चालतं म्हणून मी एका लाखेच्या रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. कापूस काळा झाला तेव्हा मला वाटलं, किती मळ निघतोय! तो मळ नव्हता, खाचा होत्या. त्या बाजूच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आता आवाज असा उरलेलाच नाही. ती रेकॉर्ड मी अजून ठेवली आहे.

बाजू संपताना आवाज फाटतो, हे तुमचं दुसरं दुखणं. त्याचं मूळ भूमितीत आहे. फेऱ्याचा वेग तोच राहतो, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जेवढी खाच जाते त्याच्या निम्म्याहून कमी आतल्या कडेला जाते. सेकंदाला बाहेर सुमारे ५१ सेंटिमीटर, आत सुमारे २१. तेवढ्याच वेळेचं संगीत तिथे दाटीवाटीने कोरावं लागतं. त्यात बाजूचा शेवट बऱ्याचदा सगळ्यात जोरकस असतो. एवढ्या दाट खाचेत सुई जराशी तिरकी बसली तरी स, श, झांज, तार सप्तकातला आवाज हे सगळं फाटतं. म्हणजे थोडा दोष माध्यमाचाच आहे, तो जाणार नाही. पण आपण ऐकतो त्यातला मोठा वाटा कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा छोटा डबा, नीट न बसवल्याचा असतो.

टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, एका खिळ्याभोवती फिरतो, त्यामुळे सुई खाचेला अचूक समांतर फक्त दोन ठिकाणी असते. ती ठिकाणं कुठे असावीत याचं गणित एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं, आणि आजही बहुतेक मोजपट्ट्यांवर दिसणारे मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर हे दोन बिंदू त्याच गणितातून येतात. अशी छापील मोजपट्टी मिळवा, एक सकाळ काढा आणि कार्ट्रिज दोन्ही बिंदूंवर सरळ बसेपर्यंत स्क्रू सैल-घट्ट करत राहा. कंटाळवाणं काम आहे. पण ते झाल्यावर मी दर वेळी ज्या बाजूचा शेवट नकोसा झालेला असतो तीच पहिल्यांदा लावते, आणि अजूनही मला त्या पाच मिनिटांचा आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही.

फाटणं दोन्ही स्पीकरमधून आहे की एकाच, तेही बघा. उजव्या स्पीकरमधून जास्त फाटत असेल तर अँटिस्केटिंग, म्हणजे टोनआर्मला बाहेरच्या अंगाला दिलेला हलका ताण, कमी पडतंय. टोनआर्म आपोआप आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते. ती भिंत डाव्या चॅनेलची असते. उजवी भिंत मग सुटते. आणि सुईचा दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा समज कृपा करून सोडून द्या. दाब कमी पडला की सुई खाचेत आपटत जाते आणि तीच जास्त इजा करते. कार्ट्रिजसोबतच्या कागदावर जी मर्यादा दिली असेल तिच्या वरच्या अंगाला राहा.

सुई किती तास वाजली याची नोंद तुमच्याकडे आहे का? हिऱ्याची सुई टोकाच्या आकारानुसार साधारण ५०० ते १००० तास चालते. चाळीस मिनिटांची एक एल.पी. धरली तर ५०० तास म्हणजे ७५०. आठ वर्षांत ‘रोज काहीतरी’ लावलं असेल तर तुम्ही तो आकडा केव्हाच ओलांडलाय. मला तरी पहिला संशय इथेच येतो.

आता अठ्ठ्याहत्तरच्या. त्या तुम्ही एल.पी.च्याच सुईने वाजवत असाल, असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. स्टिरिओ एल.पी.ची गोल सुई टोकाला १८ मायक्रॉनच्या आसपास असते, अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी, वर्षांच्या धुळीत लोळत जाते, आणि गाणं आहे भिंतींवर. नुसती योग्य सुई लावा, निम्मी खरखर तिथेच जाईल. अँप्लिफायरवर मोनोचं, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं, बटण असेल तर दाबा. या सगळ्या रेकॉर्ड मोनोच आहेत, आणि सुई वर-खाली हलल्याने होणारा आवाज त्या बटणाने कापला जातो. राहिला सूर. जुन्या रेकॉर्ड, विशेषतः १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या, मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर कोरलेल्या असतीलच असं नाही. आवाज बारीक किंवा घोगरा वाटला तर गायकाला दोष देण्याआधी वेग थोडा कमी-जास्त करून पाहा. गायक माणसासारखा श्वास घ्यायला लागतो तो वेग बरोबर. तसंच खालच्या आणि वरच्या स्वरांच्या प्रमाणाचं. १९५४ पासून हळूहळू सगळीकडे एकच आर.आय.ए.ए. वक्र, म्हणजे कोरताना खर्ज घटवून वरचे स्वर वाढवायचं ठरलेलं प्रमाण, आला, त्याआधी प्रत्येक कंपनीची कोरण्याची पद्धत वेगळी होती. सुईकडून येणारा आवाज वाढवणारा आजचा फोनो अँप्लिफायर सगळ्यांना त्याच एका वक्राने सरळ करायला जातो, म्हणून काही जुन्या रेकॉर्ड विनाकारण मंद वाटतात. टोनची बटणं फिरवायला अजिबात लाजू नका.

अठ्ठ्याहत्तरच्यांबद्दल मला जरा जास्तच माया आहे, म्हणून एक सांगते. लोखंडी पिन एक बाजू वाजली की बदलायची असायची. एकदा धुवायला आलेल्या एका रेकॉर्डच्या खाकी पाकिटावर कोणीतरी पेन्सिलने रेघा मारून ठेवल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी. पहिल्या बाजूखाली एकेचाळीस, दुसऱ्या बाजूखाली तीन. म्हणजे एकेचाळीस पिना, एकेचाळीस वेळा तेच गाणं. रेकॉर्ड उजेडात धरली तर पहिली बाजू पाटीसारखी करडी आणि दुसरी काळीभोर. ती दुसरी बाजू काल कोरल्यासारखी वाजली. मालकाला न आवडलेलं गाणं त्यामुळे आपल्यापर्यंत धडधाकट पोचलं! तुमच्या शंभरातल्या ज्या बाजू तुम्ही ‘ती दुसरी बाजू’ म्हणून लावतच नाही, त्या आधी लावून बघा.

एकाच रेकॉर्डच्या दोन-दोन प्रती झाल्यात, त्यातली एक काढावी का, असंही तुम्ही विचारलंय. काढण्याआधी शेवटच्या खाचेनंतरची गुळगुळीत जागा भिंगातून वाचा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे ती बाजू ज्या मूळ कोरणीवरून निघाली तिची खूण, असतो. अठ्ठ्याहत्तरच्या बाबतीत लेबल तेच, यादीतला क्रमांक तोच आणि आत मात्र त्याच गाण्याचं वेगळं गायन, असं होतं. एक साचा झिजला की कंपनी त्या दिवशी गायलेलं दुसरं गायन वापरायची. माझ्याकडे अशी एक जोडी आहे. एकीत गायिका दुसऱ्या ओळीआधी श्वास घेते, दुसरीत ती ओळ पहिल्या ओळीला जोडून एका दमात म्हणते. वर्षभर मी त्यांना सारख्याच समजत होते. एल.पी.वर त्या जागेत कोरणाऱ्याची सहीसुद्धा सापडते. जॉर्ज पेकहॅम ‘अ पोर्की प्राइम कट’ असं खरडायचे, बॉब लुडविग नुसतं ‘आर.एल.’. कोणत्या हाताने कोरलेली प्रत आपल्याकडे आहे हे कळल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा लावावीशी वाटते, असा माझा अनुभव आहे.

वाकलेल्या रेकॉर्डचं फार मनावर घेऊ नका. द्रोण झालेली असो की कडेला लाट आलेली, सुई न उडता वाजत असेल तर वाजवा. काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा उपाय लोक सांगतात, मी सांगत नाही. व्हिनाइल नरम होतं तेव्हा लाटेबरोबर खाचाही नरम होतात. भोक मध्यावर नसणं हा मला त्याहून मोठा दोष वाटतो. मध्य एकाच मिलिमीटरने चुकला असेल तर आतल्या खाचांवर वेग सुमारे १.७ टक्के इकडे-तिकडे होतो, म्हणजे अर्धस्वराच्या पाव हिश्श्याहून जास्त. पियानोचा एखादा लांब स्वर दर १.८ सेकंदांनी हेलकावतो आणि एकदा ऐकू आला की मग ऐकू येतच राहतो. यावर घरच्या घरी सुरक्षित उपाय म्हणजे दुसरी प्रत शोधणं.

ठेवण्याबद्दल दोनच गोष्टी. उभ्या ठेवा, तिरक्या रेलू देऊ नका आणि फळी भक्कम घ्या. मीटरभर रेकॉर्डचं वजन पन्नास किलोंच्या पुढे सहज जातं. आणि मऊ पी.व्ही.सी.ची बाहेरची पारदर्शक कव्हरं असतील तर ती काढून पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची घाला. पी.व्ही.सी. मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते वर्षांनुवर्षं बाहेर येत राहतं आणि रेकॉर्डवर दुधाळ डाग धरतं. तो कशानेही जात नाही.

कव्हरवरचं जुन्या दुकानाचं स्टिकर तेवढं राहू द्या. खरवडून कागद फाडून आणलेली कव्हरं मी इतकी पाहिली आहेत की स्टिकर मला आता बरंच वाटतं.

कॅसेटचं थोडक्यात. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट एकदम वाजवू नका. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळून परत आणा, म्हणजे फितीचे चिकटलेले पदर सुटतात. आवाज मध्येच दबत असेल तर कॅसेटच्या उघड्या कडेला बघा, फितीमागचा लोकरीचा छोटा गादीचा तुकडा गळून पडलेला असेल. दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटमधला काढून बसवता येतो. सगळंच बोथट वाटत असेल तर डेकच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, कोन चुकलाय. आणि १२० मिनिटांच्या कॅसेट सगळ्यात आधी संगणकावर उतरवून घ्या. त्यांची फीत फार पातळ असते, ओढली जाते.

फायलींच्या गोंधळाला मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि तुम्हीही द्यावा. उतरवताना सेटिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. चाळीस मिनिटांच्या एल.पी.चे जवळपास १.४ गिगाबाइट होतात, फ्लॅक या फाइलप्रकारात साठवलं तर जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काही जात नाही. ही पहिली प्रत आहे तशी ठेवा, टकटकीसकट. टकटक काढणारी सॉफ्टवेअरं चांगली आहेत, पण तबल्याची थाप आणि ओरखडा यांच्यात त्यांची गल्लत होते. थापेची धार गेली की नंतर परत आणता येत नाही. साफ केलेली प्रत वेगळी करा. गाण्यांच्या क्रमांकात ०१, ०२ असं शून्य घाला, नाहीतर काही यंत्रांवर १ नंतर १० येतो. एकाच वादकाचं नाव तीन स्पेलिंगनी लिहिलं गेलं असेल तर त्याचे तीन वादक होतात, म्हणून नावांची एक यादी करा आणि तिच्याबाहेर जाऊ नका. साल लिहिताना ध्वनिमुद्रणाचं साल आणि तुमची प्रत निघाली ते साल वेगवेगळं लिहा. आणि मॅट्रिक्स क्रमांक टिपणात जरूर घाला. कुठली प्रत उतरवली हे त्यावरूनच कळतं.

घरचे म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. इंटरनेटवर पुष्कळ मिळतं, मीही रोज ऐकते, आणि नवीन काही शोधायला त्यासारखं दुसरं नाही. पण त्याच नावाखाली तिथे बऱ्याचदा नंतरचं रिमास्टर, म्हणजे नव्याने बेतलेली आवृत्ती असते, आवाज वर चढवून हळू आणि जोरकस आवाजातलं अंतर कमी केलेली. हक्कांचा करार संपला की आख्खा अल्बम एका रात्रीत दिसेनासा होतो. साथीला कोण होतं हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. त्यांना एकदा बसवा, एकच गाणं दोन्हीकडून ऐकवा, मागच्या कव्हरवरची नावं वाचायला द्या, आणि मग पसाऱ्याबद्दल बोला.

जागा अगदीच पुरत नसेल तर कमी करायलाही हरकत नाही. मात्र झिजलेल्या सुईने ऐकून कुठलीही रेकॉर्ड बाद करू नका. आधी सुई, मग कार्ट्रिजचा कोन, मग धुणं, आणि त्यानंतर जे कानाला नको वाटेल ते द्या. या क्रमाने गेलात तर दोन-तीन महिने सहज जातील.

आता तुमच्या सगळ्यात लाडक्या आणि सगळ्यात टकटकणाऱ्या एल.पी.ची एक बाजू लावा आणि मला एवढं लिहून कळवा: टकटक दर १.८ सेकंदांनी येते का, दुसऱ्यांदा लावल्यावर त्याच जागी येते का, फाटणं कुठल्या स्पीकरमधून जास्त आहे, आणि सुई कोणत्या साली बदलली होती.